तिसऱ्या वर्षाचा पेच



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिताना चिटणीसांची बरीच पंचाईत झाली. आम्ही त्यांना सांगितले होते, "अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलमधले क्वार्टरबॅक." चिटणीसांनी खडू हातात घेतला, क्षणभर विचार केला आणि "अमेरिकेतील विद्यार्थी-खेळाडू" एवढेच लिहून स्वतःची सुटका करून घेतली. त्यांना आम्ही दोष देत नाही. उलट त्यांनी नकळत जो शब्द लिहिला, त्या शब्दातच सगळी गोम आहे. ते पुढे येईलच.

हा विषय आम्ही खेळाच्या आवडीमुळे निवडलेला नाही. आमचे स्वतःचे खेळणे शाळेतल्या लंगडीपाशीच संपले. आम्ही कॉलेजात शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट आहे. आमच्या वर्गात एक कबड्डीपटू होता. चढाईला गेला की समोरच्या सातजणांना आपण सात आहोत याचा विसर पाडी. तो बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना एका कचेरीने त्याला खेळाडूसाठी राखलेल्या जागेवर नोकरी देऊ केली. अट एकच, ताबडतोब रुजू व्हायचे. तो आमच्याकडे सल्ला विचारायला आला. आम्ही मास्तर, मास्तर जे सांगतो तेच आम्ही सांगितले. "अरे, आठ महिन्यांचा तर प्रश्न. आधी पदवी पदरात पाडून घे. नोकऱ्या काय, पुढेही मिळतील." त्याने आमचे ऐकले. डिसेंबरात एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. पदवी मिळाली. नोकरी मात्र मिळाली नाही.

पुढे अनेक वर्षांनी ओहायो राज्यातील कोलंबस या गावी आमच्या पुतणीकडे काही दिवस राहण्याचा योग आला. तेथील विद्यापीठाच्या मैदानात लाखावर माणूस बसते. शनिवारी सामना असला की सारे गाव तांबड्या कपड्यांत लोटते. आपल्याकडे पालखी येते त्या दिवशीची आठवण व्हावी. रात्री पुतणीच्या घरी जेवायला चार मराठी कुटुंबे जमली होती. आमटीभात पानात निवत होता आणि वाद चालला होता तो असा, की विद्यापीठाच्या संघाचा जो मुख्य खेळाडू, त्याने अभ्यासक्रम अर्धवट टाकून धंदेवाईक संघात जावे की आणखी एक वर्ष थांबावे? पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही मास्तर. तुम्ही काय सांगाल?" आम्ही काहीच बोललो नाही. आम्हाला तो कबड्डीचा गुडघा दिसत होता.

तेव्हापासून या प्रश्नाचा इतिहास आम्ही चाळीत आहोत. तो आज आपल्यासमोर मांडतो. पण त्याआधी खेळाची थोडी ओळख हवी.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबोळा असतो, आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांब. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न सरकले तर चेंडू गेला. या प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. अडीच-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे असते की चेंडू कोणाला द्यावा, कोठे फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे. आणि हे ठरवीत असताना तीन-तीन मणांचे चार धटिंगण त्याला आडवा करण्यासाठी धावत येत असतात. आपल्या क्रिकेटमधला कप्तान, गोलंदाज आणि यष्टिरक्षक या तिघांना एकाच अंगरख्यात कोंबले, तर जो होईल तो क्वार्टरबॅक.

या खेळातला कॉलेजच्या मुलांसाठी असलेला सर्वात मोठा मान म्हणजे हाइझमन पारितोषिक. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबाने १९३५ साली ते सुरू केले. दुसऱ्या वर्षी क्लबाचे क्रीडाप्रमुख जॉन हाइझमन वारले आणि त्यांचे नाव पारितोषिकाला लागले. देशभरचे क्रीडावार्ताहर आणि पूर्वीचे मानकरी मते देतात आणि डिसेंबरात एका मुलाच्या हाती काशाचा पुतळा येतो. चेंडू काखेत धरून, दुसरा हात पुढे रोखून पळणारा गडी, असा तो पुतळा आहे. पारितोषिक कोणत्याही जागेवरच्या खेळाडूला मिळू शकते. पण इसवी सन २००० पासून २०२३ पर्यंतच्या चोवीस पारितोषिकांपैकी वीस क्वार्टरबॅकांकडे गेली. म्हणून आज हाइझमन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे क्वार्टरबॅकच उभा राहतो.

पहिला मानकरी मात्र क्वार्टरबॅक नव्हता. तो शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर. याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्याला एकदा खाली पाडताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली. तिचा वण त्या खेळाडूच्या तोंडावर जन्मभर राहिला, आणि तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जेराल्ड फोर्ड. १९३६ साली धंदेवाईक संघांनी प्रथमच कॉलेजातल्या मुलांची वाटणी करून घेण्याची पद्धत काढली. तिला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याने पहिला मोहरा निवडायचा. पंगतीत शेवटी बसलेल्याला आधी वाढायचे, त्यातलाच प्रकार. मुलाने मात्र, ज्याने निवडले त्याच्याकडेच जायचे. या पहिल्या वाटणीतले पहिले नाव बर्वांगरचे. त्याने मागितलेला पगार मालकाने देऊ केला नाही, आणि गडी धंदेवाईक खेळाकडे फिरकलाच नाही. पुढे त्याने रबराच्या मालाच्या धंद्यात चांगला जम बसविला. तो पुतळा त्याच्या मावशीच्या घरी बरीच वर्षे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवला होता, असे सांगतात.

बर्वांगरच्या विद्यापीठाने तर १९३९ साली हा खेळच बंद करून टाकला. विद्येच्या घरात याचे काय काम, असा कुलगुरू हचिन्स यांचा सवाल. १९४२ साली अणूची पहिली नियंत्रित साखळीक्रिया झाली ती याच विद्यापीठाच्या ओस पडलेल्या फुटबॉल मैदानाच्या बैठकींखाली! विषयांतराबद्दल क्षमा असावी. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

आता मूळ पेचाकडे येऊ. कॉलेज अर्धे टाकून मुलाने पैशासाठी खेळावे की नाही, हा प्रश्न पहिल्यांदा उभा केला तो रेड ग्रेंजने. इलिनॉय विद्यापीठाचा हा मुलगा सुटीत घरोघर बर्फ पोचविण्याचे काम करी. १९२५ च्या नोव्हेंबरात तो आपला शेवटचा कॉलेज सामना खेळला आणि पाचव्या दिवशी शिकागोच्या धंदेवाईक संघातून मैदानात उतरला. वर्गात अजून त्याचे नाव होते. धंदेवाईक खेळाला तोवर फारसे कोणी विचारीत नसे. ग्रेंजला पाहायला हजारो लोक लोटले. पण प्राध्यापकमंडळी खवळली, वर्तमानपत्रे खवळली. तेव्हा धंदेवाईक संघांनी नियम केला, की ज्या मुलाच्या बरोबरीचे विद्यार्थी पदवीधर झालेले नाहीत, त्याला हात लावायचा नाही. वरवर पाहता हा नियम विद्येच्या बाजूचा वाटतो. वस्तुतः सोय दोघांची होती. विद्यापीठाला चार वर्षे खेळाडू बांधून मिळाला, आणि धंदेवाल्यांना चार वर्षे शिकवून तयार केलेला गडी फुकट मिळू लागला. ज्याचे हातपाय, त्याला मात्र कोणी विचारले नाही.

जुन्या काळी या नियमाने कोणाचे फारसे अडले नाही, हेही खरे आहे. पैसाच थोडा होता. आणि थांबण्याने नुकसान होतेच असेही नाही. रॉजर स्टॉबाक हा नाविक अकादमीचा क्वार्टरबॅक. १९६३ चे हाइझमन त्याला तिसऱ्या वर्षातच मिळाले. अकादमीच्या शिरस्त्याप्रमाणे पुढे चार वर्षे त्याने आरमारात काढली, त्यात व्हिएतनामची कामगिरीही आली. १९६९ साली तो डॅलसच्या संघात आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. इतर खेळाडू ज्या वयात मुरलेले असतात, त्या वयात हा नवशिका. तरी त्याने दोनदा संघाला सुपर बोल, म्हणजे देशातले अजिंक्यपद, मिळवून दिले. थांबावे म्हणणाऱ्यांच्या तोंडी स्टॉबाकचे नाव अजून असते. पण ते हे सांगायला विसरतात, की तो खुशीने थांबलेला नव्हता. तो सरकारी हुकूम होता.

त्याच सुमारास दोन धंदेवाईक मंडळांत चुरस लागली आणि भाव चढले. १९६५ साली न्यूयॉर्क जेट्स संघाने अलाबामाच्या जो नेमथला चार लाख सत्तावीस हजार डॉलर देऊ केले. गंमत अशी, की आदल्या वर्षीचे हाइझमन नेमथला नव्हे, तर नोत्र दामच्या जॉन हुआर्टेला मिळालेले होते. हुआर्टेलाही याच जेट्स संघाने घेतले, ते दोन लाखांना, आणि बाकावर बसविले. म्हणजे वार्ताहरांची पसंती निराळी आणि पैसे मोजणाऱ्याची निराळी. हा धडा पुढे पुष्कळांनी गिरविला. फ्लॉरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक चार्ली वॉर्ड १९९३ चा मानकरी. त्याला एकाही फुटबॉल संघाने निवडले नाही, तेव्हा तो बास्केटबॉल खेळायला निघून गेला. ओक्लाहोमाचा जेसन व्हाइट २००३ चा मानकरी. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. २००५ च्या वाटणीत त्याचे नाव कोणी उच्चारले नाही. आणि टॉम ब्रेडी, ज्याने पुढे सात अजिंक्यपदे मिळविली, तो मिशिगनचा मुलगा २००० साली १९९ वा निवडला गेला. हाइझमन त्याच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते.

आता चिटणीसांच्या त्या शब्दाकडे वळू. "विद्यार्थी-खेळाडू" हा शब्द अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात जन्मला. कॉलेजांच्या क्रीडामंडळाचे, म्हणजे एन. सी. ए. ए. चे, प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळातला तो आहे. कोलोरॅडो राज्यात रे डेनिसन नावाचा एक कॉलेज-खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार बसून मेला. त्याच्या विधवेने नुकसानभरपाई मागितली. कारखान्यात कामगार मेला तर त्याच्या बायकोला मिळते तशी. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १९५७ साली निकाल दिला, की हा कॉलेजचा नोकर नव्हता. अशा दाव्यांना पुरून उरावे म्हणूनच तो जोडशब्द घडविला गेला, असे बायर्स यांनीच उतारवयात लिहून ठेवले. शब्द किती सोज्वळ! पण त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की मुलगा मैदानात राबेल, मैदानाची तिकिटे विकली जातील, दूरचित्रवाणीचे हक्क कोट्यवधींना जातील, शिक्षकाचा म्हणजे कोचचा पगार राज्याच्या गव्हर्नराच्या कितीतरी पट होईल, आणि मुलाला शिष्यवृत्ती, जेवण व खोली मिळेल. वर दोन पैसे घेतले तर तो भ्रष्ट ठरेल. रेजी बुशने २००५ चे हाइझमन मिळविले. त्याच्या घरच्यांनी दलालांकडून फायदे घेतल्याचे निघाले म्हणून २०१० मध्ये ते परत गेले, आणि २०२४ साली त्याला सन्मानाने परत देण्यात आले. मधल्या काळात त्याचे कृत्य बदललेले नव्हते. नियम बदलले होते.

चार वर्षांची भिंत १९९० साली पडली. शाळा सुटून तीन वर्षे झाली की पुरे, असे धंदेवाईक मंडळाने ठरविले. त्या वर्षी अर्ज करणाऱ्यांत ह्यूस्टन विद्यापीठाचा आन्द्रे वेअर होता. हाइझमन मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. १९८९ च्या हंगामात त्याने शेहेचाळीस वेळा चेंडू फेकून गोल घडवून आणले होते. नियमभंगाच्या शिक्षेमुळे त्याच्या विद्यापीठाचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवायचीही बंदी होती; देशाने त्याला पाहिलेच नव्हते, नुसते आकडे वाचले होते. डिट्रॉइटच्या संघाने त्याला सातवा निवडला. चार वर्षांत तो जेमतेम चौदा सामन्यांत खेळला आणि त्या मंडळातली त्याची कारकीर्द संपली. लोक म्हणाले, पाहा, घाई केली. आम्हाला विचाराल तर उलटही म्हणता येईल. कॉलेजातले त्याचे यश एका विशिष्ट पद्धतीच्या खेळातले होते. आणखी वर्षभर तो थांबला असता, तर ती गोष्ट सगळ्यांच्या आणखी लवकर ध्यानात आली असती आणि सातवी जागाही हुकली असती. एकाच माणसाच्या चरित्रातून दोन्ही बाजूंचे वकील पुरावा काढू शकतात, हीच या प्रश्नाची खोड आहे.

मॅट लायनार्टचे उदाहरण याहून बोलके आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक २००४ चा मानकरी. त्या वेळी तो धंद्यात गेला असता तर पहिल्याच क्रमांकाने निवडला जाईल, अशी सर्वांची अटकळ होती. तो गेला नाही. कॉलेजातले दिवस पुन्हा येत नाहीत, असे त्याला वाटले. पदवीला एकच विषय उरला होता, तो त्याने घेतला. विषय कोणता, तर जोडीने करायचे नृत्य! यावरून त्याची पुष्कळ थट्टा झाली. हंगामाच्या अखेरीस, ४ जानेवारी २००६ रोजी, रोझ बोलच्या मैदानात त्याची गाठ टेक्ससच्या विन्स यंगशी पडली. शेवटची एकोणीस सेकंद उरली असताना यंग स्वतः चेंडू घेऊन पळाला आणि टेक्सस ४१-३८ ने जिंकले. चार महिन्यांनी वाटणी झाली. लवकर निघालेला यंग तिसरा. थांबलेला लायनार्ट दहावा. पहिल्या आणि दहाव्या जागेत कित्येक लाख डॉलरांचे अंतर असते. पण लायनार्टने त्या वर्षाचा पश्चात्ताप केल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि यंगचे नाव तरी धंद्यात फार काळ कोठे गाजले?

सॅम ब्रॅडफर्डने मात्र छातीत धडकी भरविली. ओक्लाहोमाचा हा मुलगा २००८ चा मानकरी; तोही थांबला. २००९ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा उजवा, म्हणजे फेकीचा, खांदा दुखावला. थोडे दिवसांनी परतला तो पुन्हा दुखावून शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. आता सारे संपले, असे कोणासही वाटावे. पण खांदा जुळला, आणि २०१० साली तो पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. सहा वर्षांचा करार, त्यात पन्नास दशलक्ष डॉलर खात्रीचे. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा समझोता होऊन नवशिक्यांच्या पगाराला चाप बसला. त्या वर्षीचा पहिला मोहरा, आदल्या हंगामाचा हाइझमन-मानकरी कॅम न्यूटन, याला चार वर्षांचे बावीस दशलक्ष मिळाले. त्याचे कर्तृत्व ब्रॅडफर्डपेक्षा कमी नव्हते. फक्त तो एका वर्षाने मागून आला. म्हणजे थांबावे की जावे, हा हिशेब मांडताना मुलाने आपला खांदा जपावा, आपल्या जागेवरचे दुसरे उमेदवार मोजावेत, आणि शिवाय न्यूयॉर्कच्या बंद खोलीत पुढच्या वर्षी काय ठरणार आहे हेही ओळखावे! वीस वर्षांच्या पोराकडून ही अपेक्षा. आमच्या वाड्यातला ज्योतिषीदेखील इतके अंगावर घेत नसे.

बरे, ज्याने पदवीही घेतली आणि धंदाही गाठला त्याचे काय? रॉबर्ट ग्रिफिन हा बेलर विद्यापीठाचा मुलगा. तीन वर्षांत राज्यशास्त्राची पदवी घेऊन पुढचा अभ्यास चालू असतानाच त्याने २०११ चे हाइझमन मिळविले. वॉशिंग्टनच्या संघाने त्याच्यासाठी आपल्या पुढच्या अनेक निवडींवर पाणी सोडले. पहिले वर्ष देदीप्यमान गेले. २०१३ च्या जानेवारीत, आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर खेळत असताना, तो गुडघा पुरता गेला. नंतर तो पूर्वीचा ग्रिफिन राहिला नाही. त्याच्याच वर्षीचा अँड्रयू लक हा स्टॅनफर्डचा. हाइझमनच्या मतांत दोनदा दुसरा आला. २०११ साली पहिला मोहरा म्हणून जाणे सहज शक्य असताना तो थांबला, वास्तुरचनेची पदवी घेतली आणि २०१२ साली पहिलाच निवडला गेला. थांबण्याचा इतका स्वच्छ लाभ दुसऱ्या कोणाला झाला असेल असे आम्हाला वाटत नाही. पण सात वर्षे अंगावर घाव घेऊन, दुखण्यांना कंटाळून, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. मैदानात काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. पुढे २०२४ मध्ये तो स्टॅनफर्डला परतला, फुटबॉल विभागाचा कारभारी म्हणून.

मंडळी, या सगळ्यांत मुलगा स्वतः निवड करीत होता, निदान तीन वर्षे झाल्यावर तरी. पण ती तीन वर्षे कोणी ठरविली? ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने हाच सवाल न्यायालयात विचारला. हा क्वार्टरबॅक नव्हे, चेंडू घेऊन पळणारा गडी. पहिल्याच वर्षी त्याने विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. नंतर विद्यापीठाने त्याला बाहेर बसविले, आणि धंदेवाले म्हणाले, तीन वर्षे झाली नाहीत. खालच्या न्यायालयात तो जिंकला. २००४ साली वरच्या न्यायालयात हरला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कामावर कोणाला घ्यावे हा मालक आणि कामगार-संघटना यांच्या वाटाघाटींचा विषय आहे. कायदा तसाच असेल. पण त्या संघटनेत कोण असतात? जे आत पोचले ते. बाहेर उभा असलेल्या पोराच्या वतीने, त्याची जागा ज्यांना घ्यायची नाही तेच बोलणार!

आणि मग गेल्या काही वर्षांत गाडे असे काही उलटले, की पुतणीच्या घरचा तो वाद आज निराळ्या शब्दांत करावा लागेल. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने एन. सी. ए. ए. च्या विरुद्ध निकाल दिला. वाद शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. पण वारे कोणीकडे वाहते ते सर्वांना कळले. १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी जाहिरातींना विकण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मोठा तडजोडनामा मंजूर केला. त्यान्वये जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे, आणि त्या जुलैपासून प्रत्येक मोठ्या विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत आपल्या खेळाडूंत वाटता येऊ लागले. ज्याने दोन पैसे घेतले म्हणून काल पुतळा परत घेतला जाई, तोच आज कॉलेजात बसून धंदेवाल्याइतके मिळवू शकतो.

परिणाम काय झाला? २०२१ च्या वाटणीसाठी मुदतीआधी निघालेली मुले सव्वाशेच्या घरात होती. २०२४ साली ती साठाच्याही आत आली. ज्या गोष्टीसाठी प्राध्यापकांनी शंभर वर्षे उपदेश केला, ती नोटांनी तीन वर्षांत करून दाखविली. मुले कॉलेजात थांबू लागली! मात्र कोणत्या कॉलेजात, हे विचारू नका. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचे निर्बंधही सैल झाल्याने एकेक क्वार्टरबॅक तीन-तीन विद्यापीठांचे पाणी चाखतो. हे स्थलांतर वाईटच असे आम्ही म्हणणार नाही. जो बरो हा ओहायोच्याच एका गरीब भागातला मुलगा. कोलंबसला बाकावर बसून कंटाळला, पदवी घेतली आणि लुइझियानाला गेला. पाचव्या वर्षी, २०१९ साली, साठ गोल घडवून हाइझमन जिंकले. पुतळा घेताना त्याने आपल्या गावाकडच्या उपाशी मुलांचा उल्लेख केला, आणि त्या एका उल्लेखावर तिथल्या अन्नछत्राकडे पाच लाख डॉलरांवर देणग्या आल्या. तो तिसऱ्या वर्षीच उठून गेला असता तर त्याचे नाव कोणी ऐकले नसते. उलट लामार जॅक्सन तीन वर्षांत निघाला, पहिल्या फेरीत सर्वांच्या शेवटी, बत्तिसावा निवडला गेला, काही शहाण्यांनी त्याला क्वार्टरबॅकची जागा सोडायचा सल्ला दिला. त्याने तो मानला नाही आणि दोनदा सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. दलाल न ठेवता, आईला बरोबर घेऊन, त्याने २०२३ साली स्वतःचा २६ कोटींचा करार केला.

म्हणजे पुतणीने आज पुन्हा विचारले तर आम्ही तिला काय सांगणार? इतकेच, की तो मुलगा आपला हिशेब आपण मांडू शकतो आहे ना, ते आधी पाहा. पूर्वी त्याच्या चार वर्षांची किंमत इतरांनी घेतली आणि त्याला पदवीचे महत्त्व सांगितले. सांगणारे सगळेच लबाड होते असे नाही. आमच्यासारखेही त्यांत होते. पण मुलगा थांबला म्हणून त्यांचे जाणार काहीच नव्हते, आणि गुडघा मात्र त्याचा होता.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. त्याने याच गावात दुकान घातले, ते बरे चालते. चालताना अजून किंचित पाय ओढतो. गेल्या वर्षी याच मंडपाबाहेर भेटला, तेव्हा आम्ही इतक्या वर्षांत प्रथमच तो विषय काढला. तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी परीक्षेला बसलोच असतो. आईची फार इच्छा होती." हे त्याने खरे सांगितले, की म्हाताऱ्या मास्तराचे मन राखायला सांगितले, ते आम्हाला कळले नाही. तो आजही आला असेल. पण हे दिवे असे डोळ्यांवर आहेत, की मागच्या रांगा आम्हाला दिसत नाहीत.